घोडी उधळते, त्याला कारण असतं

बालमित्रांनो,

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातून, सहावीत शिकणाऱ्या एका मित्राचं पत्र आलं आहे. त्याच्या आण्णांनी वरातीसाठी नवी घोडी घेतली. दावणीला बांधलेली असली की अगदी गरीब. पण पाठीवर कुणी बसलं की सुसाट सुटते. दोनदा तर आण्णांना घेऊन थेट डांबरी रस्त्यावर गेली. आता आण्णा म्हणतात, काटेरी लगाम घालतो, नाहीतर येत्या बाजारात विकून टाकतो. मित्र विचारतो, "घोडी वाईट आहे का?"

प्रश्न एकाचा असला तरी उत्तर सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे. भोर-वेल्ह्याच्या मुलांना घोडं काही नवं नाही. पाठीवर बिऱ्हाड लादलेली धनगरांची घोडी तुम्ही रस्त्याने जाताना पाहिली असतील.

आधी घोड्याचा स्वभाव समजून घेऊ. वाघाला पंजे आहेत, बैलाला शिंगं आहेत. घोड्याकडे काय? पाय! भीती वाटली की पळायचं, हीच त्याची ढाल. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त अगदी पाठीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून घोड्याच्या मागून कधी जाऊ नये. उडणारी प्लॅस्टिकची पिशवी तुम्हाला पिशवी दिसते, त्याला मात्र ती झडप घालणारं जनावर वाटू शकते.

आता एक जुनी गोष्ट. ग्रीसच्या उत्तरेला मॅसेडोनिया नावाचं राज्य होतं. तिथल्या फिलिप राजाकडे एक उमदा घोडा विकायला आला. किंमत मोठी, पण तो कुणालाच वर बसू देईना. राजा म्हणाला, घेऊन जा याला. त्याचा मुलगा अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, तेव्हा लहान होता. घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घोड्याचं तोंड सूर्याकडे केलं. सावली मागे गेली! मग थोडा वेळ तो शेजारून चालला, घोड्याला थोपटलं आणि अलगद वर बसला. लगाम ओढला नाही की चाबूक मारला नाही. घोडा शांत झाल्यावरच त्याला दौडवलं. ही गोष्ट प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवली आहे. घोड्याचं नाव ब्युसेफॅलस. पुढे तो सिकंदराबरोबर थेट हिंदुस्थानापर्यंत आला. इ.स. पूर्व 326 मध्ये झेलम नदीकाठी पोरसाशी लढाई झाली, त्या सुमारास तो मेला. सिकंदराने त्याच्या नावाने तिथे एक नगर वसवलं.

पाहिलंत? बाकीच्यांनी घोड्याचा वाईटपणा पाहिला. त्या पोराने कारण पाहिलं.

मग आपल्या मित्राच्या घोडीचं कारण काय असेल? चार ठिकाणी शोधावं लागेल.

पहिलं म्हणजे दुखणं. खोगिराखाली पाठ सोलली आहे का? तंग फार आवळला जातो का? तोंडात जखम आहे का, दाढा टोचतात का? वर बसताक्षणी दुखत असेल, तर ती त्या दुखण्यापासूनच पळते. हे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. सगळ्यात आधी हेच.

दुसरं, खुराक. नव्या घोडीचं कौतुक म्हणून भरपूर हरभरा चारला आणि दिवसभर दावणीला बांधून ठेवली, तर अंगातली रग जाणार कुठे? खुराक कमी, चारा जास्त आणि रोज फिरवणं, हाच त्यावर उपाय.

तिसरं, नवी जागा. सोबतची घोडी सुटली, ओळखीची माणसं सुटली. शाळा बदलल्यावर पहिला आठवडा तुम्हाला कसा वाटतो? तिलाही काही आठवडे द्यायला हवेत.

चौथं कारण फार गमतीचं आहे. ती आधी काय काम करत होती, हे विकणाऱ्याला विचारलं का? खेड, आंबेगाव, जुन्नरकडे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिल्यापासून या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आहेत. अशा घोडीला शिकवलेलंच असतं, की स्वार बसला की पळायचं! ती हट्टी नाही, उलट शिकवलेला धडा ती चोख म्हणून दाखवते. आपल्याला तिला नवा धडा शिकवावा लागेल.

तो कसा शिकवायचा? सुरुवातीला वर बसायचंच नाही. दोरी धरून शेजारून चालवायचं, "थांब" म्हटलं की थांबवायचं, थांबली की थोपटायचं. मग कुंपणाच्या मोकळ्या रानात लांब दोरीवर गोल फिरवायचं, थोडा वेळ या अंगाने, थोडा वेळ त्या अंगाने. याला कावा देणं म्हणतात. 'गनिमी कावा' तुम्ही इतिहासात वाचलाच आहे! घोडी शिकवणाऱ्या जाणत्या माणसाला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणत. असा कुणी जाणता गाठावा आणि मगच त्याने वर बसावं, तेही आधी फक्त चालीवर.

आणि काटेरी लगाम? तो मुळीच नको. घोडी तीन-चारशे किलोची. ओढाओढीत माणूस तिला जिंकणार नाही. तोंड दुखलं की ती आणखी जोरात पळेल. शिवाय जनावरांच्या कामासंबंधी 1965 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी काटेरी लगामाला मनाई आहे. आण्णांना हे वाचून दाखव.

घोडी उधळलीच तर स्वाराने ओरडू नये, पायांनी तिला आवळू नये. लगाम एकसारखा ताणून धरू नये, ओढावा आणि सैल करावा. मोकळं रान असेल तर मोठ्या गोलात वळवत वळवत गोल लहान करावा. डांबरी रस्त्यावर एकदम वळवलं तर घोडी घसरून दोघंही पडतील. बघणाऱ्यांनी मागे धावू नये, लहान मुलांना बाजूला घ्यावं. घोडीची दोरी हाताला कधीही गुंडाळू नये.

आता मित्रा, तुझ्यासाठी एक गोष्ट. ही घोडी शांत होईपर्यंत तू तिच्यावर बसायचं नाहीस, एकदासुद्धा नाही. वरातीतही तिला न्यायचं नाही. तिथे बँड असतो, फटाके असतात आणि पाठीवर नवरदेव! पण एक काम तुझ्याजोगं आहे. एक वही कर. घोडी कधी उधळली, तेव्हा काय दिसलं, काय वाजलं, आधी काय खाल्लं होतं, ते सगळं लिही. दोन आठवड्यांनी ती वही आण्णांना आणि डॉक्टरांना दाखव. सिकंदरालाही पाहूनच कळलं होतं.

इतकं करूनही ती वरातीला नाही जमली, तर आण्णांनी तिला जरूर विकावं. मात्र घेणाऱ्याला खरं सांगून. लपवून विकली, तर उद्या दुसऱ्याच कुणाचं तरी पोर तिच्या पाठीवरून पडेल. त्यापेक्षा बाजारात चार पैसे कमी आलेले परवडले.

बाकीच्यांना या आठवड्याचा अभ्यास: घोड्यावरून मराठीत किती शब्द आणि म्हणी आल्या आहेत, ते शोधा. दोन मी देतो, खोगीरभरती आणि वरातीमागून घोडं. तिसरी तुम्ही आजीला विचारा.

तुमचे,
गुरुजी