उधारीच्या साखळीवर नजर कोणाची?

इचलकरंजीत एखादा कापड व्यापारी पेढीला कुलूप लावून निघून जातो, तेव्हा त्याच्या नावावर बँकेचे कर्ज नसेलही. बुडते ते यंत्रमागधारकाचे कापडाचे बिल. मग त्याच्याकडून सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याचे पैसे थकतात, सूत व्यापाऱ्याचे देणे लांबते, खर्चीवाल्याची, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्याची, मजुरी अडकते. यांतल्या अनेकांची कॅश क्रेडिट खाती गावातल्याच बँकांत असतात. एका पेढीचे दिवाळे काही महिन्यांत ठेवीदारांच्या दारात येऊ शकते, ते असे.

मोठ्या कंपनीच्या बाबतीतही हेच घडते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळली. पुरवठादारांना ती १२० दिवसांच्या मुदतीवर पैसे देत होती. सुमारे ३० हजार पुरवठादारांची येणी तिच्याकडे अडकली.

आपल्याकडे २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण व्याज मागणाऱ्याची पुढची ऑर्डर जाते, म्हणून सहसा कोणी मागत नाही. पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तरी खरेदीदाराची जीएसटीची वजावट १८० दिवस सुरक्षित राहते. त्याच पुरवठादाराचे कर्ज ९० दिवस थकले की बँक ते अनुत्पादक ठरवते. दोष खरेदीदाराचा, डाग पुरवठादाराला. हा उघड अन्याय आहे आणि बँकांसाठी धोकाही.

बिलांवर लवकर पैसे मिळावेत म्हणून ‘ट्रेड्स’ मंच उभारले गेले. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे; पण खासगी कंपनीने आलेले बिल तिथे मान्य करावे, अशी सक्ती नाही. ती ताबडतोब हवी.

रिझर्व्ह बँकेने आणखी एक काम याच वर्षी हाती घ्यावे. कॅश क्रेडिटवाला स्टॉक स्टेटमेंटसोबत येणेकऱ्यांची यादी बँकेला देतोच. ती उचल किती द्यायची एवढे ठरवून फायलीत जाते. नागरी सहकारी बँकांनी या याद्या एकत्र करून, आपले किती कर्जदार एकाच व्यापाऱ्याच्या पैशांवर अवलंबून आहेत, हे दर तिमाहीला संचालक मंडळापुढे ठेवावे आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनी तो तक्ता मागून घ्यावा.