दहा हजार वेळां पाहिलेला ताळा

बेरजेचा ताळा नवांनीं पाहण्याची रीत आमच्या पिढीच्या हाडींमासीं खिळलेली. एके वर्षीं वार्षिक परीक्षेचे गुण तक्त्यांत उतरवितांना एका मुलाच्या 62 गुणांच्या जागीं आमच्या हातून 26 लिहिले गेले. दोन्ही बेरजांचा ताळा पाहिला; तो तंतोतंत जुळला, कारण दोहोंतील अंतर 36, म्हणजे नवांच्या पटींतलें. मुलगा नापास ठरला. चार दिवसांनीं त्याचे वडील आमच्या दारीं येऊन उभे राहिले, ते आम्हांस अजून दिसतात.

ही आठवण निघाली ती नातवामुळें. गुणांप्रमाणें मुलांची यादी चढत्या क्रमानें लावणारा एक प्रोग्राम त्यानें लिहिला आहे. तो तपासण्यास तो 'क्विकचेक' हें साधन वापरतो. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या कोएन क्लासेन व जॉन ह्यूज या दोघांनीं त्यावरील निबंध 2000 सालीं प्रसिद्ध केला. यांत उदाहरणें आपण द्यावयाचीं नसतात. तीं यंत्रच यदृच्छेनें निर्माण करतें. आपण फक्त सर्व उदाहरणांस लागू पडणारा धर्म सांगावयाचा. नातू त्यास 'प्रॉपर्टी' म्हणतो. नैयायिकांच्या भाषेंत, व्याप्ति आपण सांगावी व व्यभिचार यंत्रानें शोधावा. (न्यायशास्त्रांतला व्यभिचार, बरें!) तो सांपडला कीं यंत्र त्यास कातून कातून लहान करून दाखवितें.

मूळची योजना शंभर प्रयोगांची. नातवानें ती दहा हजारांवर नेली. "आजोबा, आतां चूक निसटणें कठीण," तो म्हणाला.

"अरे, पण यादी केवढी येते?"

तो थबकला. आकाराची मर्यादा निराळी असते व तीही मूळची शंभरच. एकशेंवीस मुलांच्या यादींतच जो दोष प्रकट होईल, तो दहा लक्ष प्रयोगांतही या मर्यादेखालीं दिसावयाचा नाहीं. शिवाय त्यानें, कोणतेही दोन गुण सारखे नसावेत, अशी अट घातली होती. अटींत न बसणारी यादी यंत्र टाकून देतें. एका यशामागें दहा टाकाऊ, एवढी सूट मुळांत असते, आणि ती वाढविली तरी लांब याद्या बहुतेक टाकल्याच जातात. टिकतात त्या आंखूड. "दोन मुलांस सारखे गुण मिळतच नाहींत काय?" आम्ही विचारलें. अट निघाली, मर्यादाही वाढली. तरी सारें जुळतच होतें!

जुळणारच. त्याचा धर्म एवढाच, कीं प्रत्येक गुण मागल्याहून कमी नसावा. रिकामी यादी परत देणारा प्रोग्रामही हा धर्म पाळतो. आमचा नवांचा ताळा तरी याहून निराळा काय होता? रात्रीं त्यानें दुसरा धर्म लिहिला: दिलेले गुण तितक्याच वेळां परत आले पाहिजेत. यंत्रानें क्षणांत दोन शून्यांची यादी पुढें ठेविली. सारखे गुण मिळालेल्या दोघांपैकीं एक मुलगा त्याच्या यादींतून नाहींसा होत होता.