केतकी कुठं गेली?

"अगं, निमगाव आलं, पण आमची केतकी कुठं गेली?"

माझ्या रूम-पार्टनरचा हा प्रश्न ऐकून मी लॅपटॉप बंदच करणार होते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मेसचं जेवण केव्हाच जिरलेलं आणि सकाळी वेब टेक्नॉलॉजीचं सबमिशन! विषय मीच हौसेनं घेतला होता : तुकोबांच्या पालखीचे बारामती आणि इंदापूर भागातले मुक्काम. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. सहा गावं, प्रत्येकाची एक लिंक, आणि लिंकवर क्लिक केलं की त्या गावाची माहिती. पीएचपीमध्ये एको लिहायचं नि मोकळं व्हायचं, असं वाटलं होतं.

चार गावं उघडली. उंडवडी आणि निमगाव काही केल्या उघडेनात. "गाव सापडले नाही" एवढंच यायचं. ज्या मुलीचं घरच निमगाव केतकीत, तिच्यासमोर!

मग आजूबाजूच्या रूममधून सल्ले सुरू झाले. "मराठीत कशाला करत बसलीस? कॉम्प्युटरला मराठी झेपत नाही. नावं इंग्रजीत टाक, लगेच चालेल." खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'अंथुर्णे'मधला 'थु' ऱ्हस्व की दीर्घ, हे मला पार्टनरलाच विचारावं लागलं. तेव्हा मराठीची बाजू घेण्यात माझा नंबर शेवटचाच. तरीही आज घेते आहे, कारण त्या रात्री जो चोर सापडला तो मराठी नव्हता.

जरा विचार करा. मराठी झेपत नसती, तर बारामती आणि सणसर तरी कसे उघडले? न उघडणाऱ्या दोन्ही गावांत एकच गोष्ट सारखी होती : नावाच्या मधली मोकळी जागा. एकोचा मजकूर अवतरण चिन्हांत असतो. लिंकचा पत्ताही अवतरण चिन्हांत द्यायचा असतो. आत-बाहेर सारखीच चिन्हं आली की पीएचपी गोंधळतं आणि एरर देतं. त्या एररला वैतागून मी पत्त्याची चिन्हंच काढून टाकली होती. एरर गेली, मी खूश! पण चिन्हं नसली की मोकळी जागा येताच पत्ता संपला, असं ब्राउझर समजतो. पानावर दिसायला 'निमगाव केतकी' पूर्ण, पण लिंकमधून पुढे जायचं नुसतं 'निमगाव'. केतकी वाटेतच गळाली. उंडवडीचं तर आणखी अवघड. बारामती तालुक्यात उंडवडी सुपे आहे, उंडवडी कडेपठारही आहे. नुसत्या उंडवडीनं कुणाला शोधायचं?

आता इंग्रजीचा सल्ला तपासू. निमगाव केतकी इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिलं, तरी मधली जागा तशीच राहणार. म्हणजे लिंक तशीच तुटणार. चूक माझी, आणि नाव मराठीचं! उलट इंग्रजीनं नवी भानगड होते. सणसरचं स्पेलिंग वाचून बाहेरचा माणूस सरळ 'संसार' म्हणेल. पालखीचा मुक्काम संसारात!

मराठीत अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. 'बारामती' मोजून पाहा. आपल्याला ४ अक्षरं दिसतात. युनिकोड त्यात ७ चिन्हं मोजतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे झाले २१. आणि पत्त्यासाठी एन्कोड केलं की टक्क्यांच्या चिन्हांसह तेच नाव ६३ अक्षरांचं होतं. गंमत म्हणजे 'इंदापूर'चाही हिशेब तंतोतंत हाच. पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन २१ सांगतं. त्याच्या भरवशावर नाव १० बाइटवर कापलं, तर 'बार' उरतं आणि पुढे एक प्रश्नचिन्हाचा चौकोन. म्हणून मल्टिबाइटची फंक्शन्स वेगळी दिलेली आहेत. आयुष्याचा मोठा काळ बारामतीत काढलेल्या मोरोपंतांनी मात्रा मोजून आर्या रचल्या. आपण निदान योग्य फंक्शन तरी वापरू!

आणि हे सगळं कुणी करून दाखवलेलं नाही असंही नाही. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, ते पीएचपीतच लिहिलेलं आहे. लेखाचं नाव मराठी, पत्ताही मराठी. नावात मोकळी जागा आली की पत्त्यात तिथे खालची रेघ येते. केतकी गळत नाही.

काही जण म्हणतील, लिंकमध्ये नावाऐवजी नंबर द्या. मान्य. नावाचं शुद्धलेखन सुधारलं तरी लिंक टिकते. पण पानावर नंबर दाखवून चालणार नाही, तिथे नावच लागतं. तेव्हा माझं म्हणणं एवढंच : पत्ता अवतरण चिन्हांत ठेवा, लिंकमध्ये जाणारं नाव एन्कोड करा, पानावर दिसणारं नाव एस्केप करा, आणि सुरुवातीलाच यूटीएफ-८ सांगा. चार सवयी. यासाठी भाषा बदलावी लागत नाही.

आपण उद्या कंपन्यांसाठी कोड लिहूच. पण आधी हॉस्टेलची सुट्टीची यादी, मेसचा मेनू, एसटीच्या वेळा असं काहीतरी मराठीत करून पाहा ना! मेसच्या मावशींना आणि वॉचमन काकांनाही ते वाचता आलं पाहिजे. नाहीतर आपलं इंजिनिअरिंग आपल्याच हॉस्टेलच्या कामाचं नाही, असं म्हणावं लागेल.

ता. क. : रात्री दीड वाजता केतकी सापडली. सकाळी सरांनी सहापैकी एकच लिंक उघडून पाहिली. बारामतीची!

— तृतीय वर्ष, संगणक विभाग