पहिल्याच महिन्यात एक पूर्ण चाल

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला घरी पाहुणे आले की एकच फर्माईश होते, "काहीतरी वाजवून दाखव रे!" क्लास लावून सहा महिने झालेले असतात. पण दाखवायला असतं काय? दोन-तीन स्केल्स आणि परीक्षेच्या पुस्तकातली अर्धीमुर्धी धून. पुष्कळ मुलं इथेच कंटाळतात आणि व्हायोलिन कपाटावर जातं. माझं म्हणणं सरळ आहे. शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात एक पूर्ण, खरी चाल मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या जुन्या लोकचाली फार उपयोगी आहेत.

उदाहरण घेऊ. ‘ऑल्ड लँग साइन’ आपण ३१ डिसेंबरच्या रात्री ऐकलेली असते. तिच्या साध्या रूपात पाचच सूर आहेत: सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. (म्हणून ती भूप होत नाही, रागाचं चलन वेगळं.) आता व्हायोलिनवर बघा. डी तार मोकळी वाजवली की सा, पहिल्या बोटाने रे, दुसऱ्याने ग. ए तार मोकळी म्हणजे प, पहिल्या बोटाने ध. खालचे प आणि ध जी तारेवर, पुन्हा पहिल्या-दुसऱ्या बोटानेच. तिसऱ्या बोटाला आणि करंगळीला कामच नाही! शिक्षकाने सोबत नुसती डी तार लांबवत ठेवली तरी बॅगपाइपच्या घुमणाऱ्या सुरासारखी, आपल्या तानपुऱ्यासारखी साथ मिळते.

सोपं म्हणजे पोरकट, असं मात्र समजू नका. आपण साहित्याचे विद्यार्थी रॉबर्ट बर्न्स वाचतो, पण तो चालींचाही माणूस होता हे विसरतो. १७८७ पासून निघालेल्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या संग्रहासाठी त्याने कितीतरी जुनी गाणी गोळा केली, जुन्या चालींवर नवे शब्द रचले. आधी चाल मनात घोळवायची, मग कडवं लिहायचं, अशी त्याची रीत. पुढे रवींद्रनाथांनी ‘ऑल्ड लँग साइन’च्याच चालीवर बंगाली गाणं बांधलं. जी चाल या दोघांना पुरली, ती दहा वर्षांच्या मुलाला कमी पडेल?

कुणी म्हणेल, आधी पाया पक्का नको का? हवाच. गोव्यात चर्चच्या शाळांत जुन्या पिढीने सोल्फेजचे धडे घोटून घोटून गिरवले आणि त्यातूनच मोठे वादक तयार झाले. पण त्या मुलांच्या सरावाला पुढे क्वायर होतं, रविवारची मिस्सा होती. शिकलेलं लोकांसमोर वाजत होतं. आज पुष्कळ ठिकाणी सरावाच्या पुढे फक्त परीक्षा असते. फरक तिथे पडतो. आणि चालीतूनही पाया होतोच. स्कॉटलंडचे बॅगपाइप वादक त्यांचं जुनं, भारदस्त संगीत ठरावीक अक्षरांत तोंडाने गाऊन शिकत आले आहेत, साधारण आपल्या तबल्याच्या बोलांसारखं. आधी कान आणि गळा, मग वाद्य.

"मग आपल्या ओव्या, फुगड्या, मांडे काय वाईट?" हाही प्रश्न येईल. अजिबात वाईट नाहीत, तेही शिकवा. माझा हट्ट स्कॉटलंडसाठी नाहीये, पूर्ण चालीसाठी आहे. पण या चाली स्टाफ नोटेशनमध्ये सहज मिळतात, फिडलवर पिढ्यान्‌पिढ्या वाजत आल्यामुळे व्हायोलिनच्या हाताला बसतात, आणि भूपाच्या सुरांमुळे आपल्या कानाला परक्या वाटत नाहीत.

तेव्हा शिकवणाऱ्या सर-मॅडमना एवढीच विनंती: परीक्षेचं पुस्तक जरूर उघडा, पण दुसऱ्या महिन्यात. पहिला महिना एका चालीला द्या. मूल ती आधी गुणगुणू दे, मग दोन बोटांनी वाजवू दे, आणि महिनाअखेरीस घरच्यांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवू दे. दुसऱ्या महिन्यात स्केल कशासाठी, हे त्याला वेगळं समजवावं लागणार नाही.