सहज सुचणारे आणि शोधून काढलेले

हेल्मेटवर बसवायचा एक व्हिडिओ कॅमेरा एकाच वेळी दोन चित्रप्रवाह तयार करतो. उत्तम प्रतीचा प्रवाह तो स्वतःजवळ साठवतो. हलक्या प्रतीचा बिनतारी मार्गाने फोनवर पाठवतो, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख बरोबर आहे की नाही हे पाहता येते. ‘कंटूर’ कंपनीला अमेरिकेत या योजनेची पेटंटे मिळाली. ‘गोप्रो’ या प्रतिस्पर्धी कंपनीने, यात नवे ते काय, असा आक्षेप घेतला. २००९ च्या एका व्यापारी मेळाव्यात वाटलेली आपलीच विक्रीपुस्तिका तिने पुरावा म्हणून पुढे केली. मेळावा फक्त विक्रेत्यांसाठी असल्याने पुस्तिका लोकांपर्यंत पोहोचलीच नाही, असे पेटंट मंडळाने ठरवले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले.

दोन भांडवलदारांच्या या भांडणाशी श्रमिकांचा संबंध काय? संबंध आहे. पेटंट म्हणजे वीस वर्षांचा मक्ता. नवे ज्ञान उघड केल्याबद्दल समाज तो देतो. जे कारागिरांच्या हाती आधीच होते, त्यावरही मक्ता दिला, तर समाजाला आपल्याच मालमत्तेचे भाडे भरावे लागते.

म्हणून कसोटी महत्त्वाची. आधी काय ज्ञात होते, नवे म्हणतात त्यात फरक किती, आणि त्या धंद्यातील सामान्य कसबी माणसाला तो फरक सहज सुचला असता काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये नांगराच्या खटल्यात हीच चौकट घातली. २००७ मध्ये मोटारीच्या पेडलच्या खटल्यात त्याने आणखी स्पष्ट केले की, हा कसबी माणूस म्हणजे यंत्र नव्हे. त्यालाही कल्पकता असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिर्झापूरच्या भांडी-उत्पादकांच्या वादात लेथवर भांडे धरण्याच्या साधनाचे पेटंट टिकू दिले नाही. कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ होता.

मात्र पश्चातबुद्धीचा मोह टाळलाच पाहिजे. कोडे सुटल्यावर ते सोपेच वाटते. ‘हे तर कोणालाही सुचले असते’ असे म्हणून बलाढ्य कंपनी एखाद्या गरीब संशोधकाचे श्रमही लुटू शकते. तेव्हा निवाडा व्हावा तो अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पुराव्यावर. आजच्या शहाणपणावर नव्हे.

भारतीय कायद्यानुसार पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही त्यास विरोध करू शकतो. २०२४ च्या नियमांनी या विरोधावर शुल्क लादले आणि तो विचारात घ्यायचा की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला. लोकांच्या हाती असलेला दरवाजा त्यामुळे अरुंद झाला आहे. हे निर्बंध मागे घेतले पाहिजेत.

पण मागणीवर थांबून भागणार नाही. मिस्त्री-फिटरांच्या हातातील कसब बहुधा कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते सिद्ध करणे कठीण जाते. एक साधी विक्रीपुस्तिका पुरावा म्हणून न्यायालयात उभी राहते. मग कामगार संघटनांनी आपल्या कार्यशाळांतील युक्त्या तारखेनिशी छापून सर्वांसाठी खुल्या का करू नयेत? आमच्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे.