टोपी बघून मास्टरमाइंड ठरत नसतो

हल्ली सिनेमातला गुन्हेगारांचा म्होरक्या पहिल्याच दृश्यात ओळखू येतो. डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा, तोंडी दोन-चार उर्दू शब्द. मग गुप्तहेराने पुढचे अडीच तास शोधायचे तरी काय? मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ज्या भाषेत मी मुलांना कविता समजावतो, तीच भाषा पडद्यावर गुन्ह्याचा पुरावा ठरते, याची मला चीड आहे.

कुणी म्हणेल, "सर, मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घेता?" त्यांनी जरा आपल्याच मूकपटांच्या काळात डोकावून पाहावे.

12 जानेवारी 1925. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. ती इंदूरच्या होळकर दरबारातून निसटून आली होती. योगायोगाने तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली आणि हल्लेखोरही हाती लागले. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने या खुनावरून 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते होमी मास्टर.

आता या प्रकरणातला मास्टरमाइंड टोपीवरून शोधून दाखवा! मारला गेला तो मुसलमान. सर्वांत महत्त्वाची साक्षीदार मुसलमान. फासावर गेले दोघे, शफी अहमद आणि शामराव दिघे. तपासाचा माग थेट इंदूरला पोचला. तेव्हा इंग्रज सरकारने तुकोजीराव होळकरांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोग किंवा गादीचा त्याग. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली आणि चौकशी टळली. प्यादी फासावर गेली. हुकूम कुणाचा होता, हे कुठल्याही न्यायालयात ठरले नाही. तपास सत्तेच्या उंबरठ्यावर येऊन थांबला.

हे सगळे आज का सांगतो? मे 2023 मध्ये आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एक जीव गेला. त्या वेळी जखमी झालेल्या एका मुस्लिम मुलाच्या तक्रारीवर गुन्हाच नोंदवला गेला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून पोलिसांना सुनावले की, अंगावर वर्दी चढली की धर्माचा, जातीचा कल बाजूला ठेवायचा असतो. तपास पथकात कोणत्या धर्माचे अधिकारी असावेत, यावर पुढे त्याच दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. पण वर्दीची ही साधी अट सर्वोच्च न्यायालयाला सांगावी लागते, यातच सगळे आले.

आपल्या मोहल्ल्यातही पुरावा येण्याआधीच "हे त्यांचंच काम" म्हणून मोकळे होणारे कमी नाहीत. त्यांनाही माझे तेच म्हणणे आहे. आधी पुरावा, मग माणूस. हा क्रम उलटला की निरपराध पोरगा आत जातो, आणि ज्याने खरोखर हुकूम दिला तो घरी निवांत बसून सिनेमा पाहतो.