वामनाचे पाऊल

पाडव्याला आपण बळीराजाला ओवाळतो. पण त्याच्या गोष्टीतला व्यवहार मुलांना कोणी समजावून सांगत नाही. बळीने तीन पावले जमीन देऊ केली, यात त्याचे काही चुकले नाही. पाऊल केवढे, एवढेच ठरवायचे राहून गेले. हातावर उदक पडताच बटूचे पाऊल त्रिभुवनाएवढे झाले. सरकारचा करही असाच बटूच्या पावलांनी दारात येतो. माझे म्हणणे इतकेच, की पावलाचे माप उदक सोडण्यापूर्वी कायद्यात लिहिलेले असावे.

पिंपरी-चिंचवडचेच पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग मोटारींचे, स्कूटरींचे कारखाने आले आणि त्यांच्या भोंग्यामागे साऱ्या महाराष्ट्रातून माणसे आली. त्यांच्या निवाऱ्यासाठी १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. पण माणसांची रीघ मोठी आणि घरे थोडी! मग कामगाराने थेरगाव, काळेवाडी, भोसरीकडे शेतकऱ्याकडून अर्धा-एक गुंठा घेतला आणि फंडाच्या पैशातून दोन खोल्या उभ्या केल्या. आज चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा त्याचा मुलगा त्याच खोल्यांत राहतो. परवानगी नव्हती, हे खरे. परंतु विटांच्या गाड्या काही आकाशातून उतरल्या नव्हत्या. त्या रस्त्यानेच आल्या, आणि पाहणाऱ्यांनी पाहू दिल्या. पुढे नळ आला, वीज आली, मतदारयादीत नाव चढले, घरपट्टीही सुरू झाली.

मग २००८ साली महापालिका कायद्यात कलम २६७ अ आले आणि अशा घरांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती बसली. घरपट्टी ३,००० रुपये असेल तर शास्ती ६,०००, मिळून ९,०००. तेही एकदाच नव्हे, दर वर्षी! चोराला शिक्षा होते, तीही मुदतीची असते. या शिक्षेला मुदतच नव्हती. आणि पाहू देणाऱ्यांच्या वाट्याला यातला छदामही आला नाही.

झाले काय? भरता येईना म्हणून लोकांनी भरला नाही, आणि शास्तीपायी मूळ करही अडकला. मग आधी ६०० चौरस फुटांपर्यंत सूट, नंतर १,००० पर्यंत, आणि अखेर मार्च २०२३ मध्ये, मूळ कर भरण्याच्या अटीवर, तोवरच्या बांधकामांची शास्ती माफ! मायबाप सरकारने लादले आणि मायबाप सरकारनेच उतरवले. माफी ही मेहेरबानी असते. ती देणाऱ्याच्या लहरीवर मिळते. मर्यादा हा हक्क असतो. ज्याने बायकोची पाटली मोडून शास्ती वेळेवर भरली, त्याने यातून काय शिकावे? मी शाळेत प्रामाणिकपणावर निबंध लिहून घेतो. मुलांचे वडील घरी दुसराच धडा वाचत असतात.

कर नकोतच, असे मी म्हणत नाही. माझ्या हातातला खडू करातूनच येतो, गटार आणि दवाखानाही. रीतसर नकाशा मंजूर करून घर बांधणाऱ्याचा रागही रास्त आहे. म्हणून दंड जरूर करा. पण एकदाच करा, आणि घराच्या ऐपतीला धरून करा.

मर्यादा घालता येत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. पगारातून कापला जाणारा व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये तसे लिहिले आहे. पूर्वी हा आकडा २५० होता. तो वाढवायला १९८८ साली संविधानच दुरुस्त करावे लागले. शिवाय महाराष्ट्रात हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी म्हणून सुरू झाला. किती द्यायचे आणि कशासाठी, हे दोन्ही देणाऱ्याला ठाऊक! प्रत्येक करावर, प्रत्येक परवान्याच्या फीवर आणि मंत्र्याने जाहीर केलेल्या प्रत्येक योजनेवर हीच दोन वाक्ये छापा: किती, आणि कशासाठी.

कोणी मला झारीतला शुक्राचार्य म्हणेल. म्हणो बापडा! शुक्राचार्याचा डोळा गेला खरा. पण त्या मांडवात हिशेब कळणारा तो एकटाच होता.